माहेरच्या वाटेवरचं फाटक

राजस्थानात बाडमेरच्या पश्चिमेला रूळ मुनाबावपर्यंत जातात. बाडमेरहून निघालेली साधी पॅसेंजर गाडी वाळूचे धोरे, खेजडीची विरळ झाडं आणि गडरा रोडसारखी लहान स्टेशनं मागे टाकत इथे पोचते, थोडा वेळ थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. रूळ मात्र तिथे संपत नाहीत. फलाट सोडून ते पुढे कुंपणातल्या फाटकापर्यंत जातात आणि फाटकापलीकडे, सिंधमध्ये, झीरो पॉइंट नावाच्या स्टेशनाला मिळतात. ९ ऑगस्ट २०१९ च्या रात्री जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनातून थार एक्स्प्रेस सुटली आणि ती या फाटकातून पलीकडे गेली. ती तिची शेवटची फेरी ठरली.

जगाच्या नकाशावर मुनाबाव आडबाजूचं वाटेल. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना मात्र हे नाव चांगलं ठाऊक होतं. उल्हासनगरच्या सिंधी घरांना ते माहीत होतं, कारण त्यांच्या आजी-आजोबांचं गाव फाटकापलीकडे राहिलं. रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमान घरांनाही ते माहीत होतं, कारण त्यांचे चुलते, मावश्या, आत्या कराचीत स्थायिक झाल्या आणि तिथल्या वस्त्यांना, मैदानांना कोकणचं नाव देऊन राहिल्या. मुंबईहून जोधपूर गाठायचं, तिथे आठवड्यातून एकदा सुटणारी थार एक्स्प्रेस धरायची, मुनाबावला उतरून कागद दाखवायचे, झीरो पॉइंटला पुन्हा दाखवायचे आणि कराची कँटोन्मेंटला उतरायचं. मुंबई आणि कराचीमधलं हवाई अंतर जेमतेम नऊशे किलोमीटर आहे. आज तोच प्रवास बहुतेकांना दुबईमार्गे करावा लागतो, तोही व्हिसा मिळालाच तर.

‘आंतरराष्ट्रीय रेल्वेविषयक धोरण’ हे शब्द कोरडे आहेत. पण आपल्या उपखंडात सीमा ओलांडणारी जवळजवळ प्रत्येक गाडी शेवटी कुणाच्या तरी माहेरी जाते, आणि फाटक बंद झालं की पहिला घाव बसतो तो त्या माहेरवाशिणीवर. हा लेख त्या फाटकाबद्दल आहे. ते कोण, कधी आणि कशासाठी बंद करतं, आणि पुन्हा उघडायला इतकी वर्षं का लागतात, हे त्यात पाहायचं आहे.

रूळ आधी, सीमा नंतर

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतली नामांकित एनजेव्ही शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. जोधपूर संस्थानची मीटरगेज लाइन मारवाडातून सिंधच्या हैदराबादेकडे जात होती आणि त्या गाडीत बसणाऱ्याच्या मनात आपण परदेशी निघालो आहोत असा विचारही येत नव्हता.

फाळणी झाली तरी या गाड्या लगेच थांबल्या नाहीत. आज हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. देश दोन झाले, पण रेल्वेचं वेळापत्रक चालूच राहिलं. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटची सक्ती केली. १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्टची पद्धत सुरू झाली आणि पूर्व बंगालच्या बाजूलाही तोच नियम लागला. तरीही गाड्या धावत होत्या. पूर्वेला सियालदाहहून ईस्ट बेंगॉल मेल, ईस्ट बेंगॉल एक्स्प्रेस आणि बारिसाल एक्स्प्रेस सीमा ओलांडून जात. पश्चिमेला मुनाबाव आणि पलीकडचं खोखरापार यांमधली वाट उघडी होती. म्हणजे वैर, निर्वासितांचे तांडे, काश्मीरचं पहिलं युद्ध, एवढं सगळं होऊनही अठरा वर्षं माणसं रेल्वेने ये-जा करत होती.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धाने हे सगळं थांबवलं. ९ सप्टेंबरला गडरा रोडजवळ पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात रेल्वेचे १७ कर्मचारी मारले गेले. सैन्यासाठी रसद घेऊन जाणारी लाइन चालू ठेवण्याचं काम ते करत होते. त्यांचं स्मारक गडरा रोडला आहे आणि दर वर्षी रेल्वेची माणसं तिथे जमतात. या रुळांवर कुणाचं रक्त सांडलं आहे, हे विसरून सीमेवरच्या गाड्यांबद्दल बोलता येत नाही.

आता पुढचा हिशेब पाहा. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये काही दिवसांत सगळ्या वाटा बंद झाल्या. अमृतसर-लाहोर मार्गावर समझौता एक्स्प्रेस आली ती २२ जुलै १९७६ ला, सिमला कराराच्या चार वर्षांनंतर. मुनाबावचं फाटक उघडलं १८ फेब्रुवारी २००६ ला, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेल्यावर. कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस सुटली १४ एप्रिल २००८ ला, बंगाली नववर्षाच्या दिवशी, बेचाळीस वर्षं लोटल्यावर. हल्दीबाडी-चिलाहाटी ही उत्तर बंगालमधली वाट खुली झाली १७ डिसेंबर २०२० ला, तब्बल ५५ वर्षांनी. बंद करायला एक आदेश पुरतो, पण उघडायला एक पिढी जाते. ज्या मुलीचं लग्न फाटक उघडं असताना झालं, तिची नात लग्नाची होईपर्यंत ते पुन्हा उघडत नाही.

माल जातो, माणूस थांबतो

इतकी वर्षं का लागतात? रूळ उखडले गेले म्हणून, असं एक उत्तर मिळतं. थार मार्गाबाबत ते काही अंशी खरं आहे. दोन्ही बाजूंना जुनं मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकावं लागलं. पण बंगालकडे पाहिलं की हे उत्तर पुरत नाही. बांगलादेश झाल्यावर कोलकाता-ढाका वाटेवरच्या गेदे-दर्शना मार्गावरून मालगाड्या धावू लागल्या होत्या. रूळ, पूल, सिग्नल सगळं होतं. प्रवाशांची गाडी मात्र २००८ पर्यंत आली नाही.

मालाच्या डब्याला व्हिसा लागत नाही. त्याची कागदपत्रं कस्टम्सपुरती असतात. माणूस उतरला की तो कुठे गेला, कुणाकडे राहिला, किती दिवस राहिला, हे प्रश्न राज्यसंस्थेला पडतात. मे २०२० मध्ये कोविडमुळे मैत्री आणि कोलकाता-खुलना बंधन या दोन्ही गाड्या उभ्या होत्या, तेव्हा मध्य रेल्वेने लासलगावचा कांदा मालगाडीने थेट बांगलादेशातल्या दर्शनाला पोचवला. त्या दिवसांत ते योग्यच होतं, शेतकऱ्याचा माल सडू द्यायचा नव्हता. पण साथ ओसरून गाड्या पुन्हा सुरू झाल्या तरी चित्र फार काळ बदललं नाही. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातल्या आंदोलनाच्या काळात मैत्री, बंधन आणि हल्दीबाडी-चिलाहाटी वाटेवरची मिताली या तिन्ही गाड्या थांबल्या, ५ ऑगस्टला शेख हसीना यांचं सरकार कोसळलं, आणि त्यानंतर मालाची वाट हळूहळू मोकळी झाली तरी प्रवाशांचे डबे यार्डातच उभे राहिले.

माणसाला बाहेर ठेवून आतबाहेर मोकळेपणाने जाणारा माल, हे आपल्याकडच्या सीमा-धोरणाचं अनेक वर्षांचं रूप आहे.

शिक्का कुठे मारायचा

सीमेवरची गाडी नेमकी कशी चालते, हे माहीत असेल तर धोरणाचा अर्थ कळतो. समझौता एक्स्प्रेसने जाणारा माणूस दिल्लीहून निघालेल्या गाडीने अटारीला पोचायचा. तिथे सगळ्यांनी सामानासकट उतरायचं. पासपोर्ट, व्हिसा, कस्टम्स, सामानाची झडती, आणि मग वाघ्याकडे जाणारी गाडी. पलीकडे पुन्हा तेच सगळं. अटारी आणि वाघा ही दोन स्टेशनं काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत, पण म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, बोचकी आणि पेट्या घेऊन ते अंतर कापायला दिवस जायचा. डबे कुणाचे वापरायचे तेही ठरलेलं होतं. वर्षातले सहा महिने भारताचे, सहा महिने पाकिस्तानचे.

मैत्री एक्स्प्रेसचीही सुरुवातीला हीच तऱ्हा होती. गेदेला उतरा, दर्शनाला उतरा. कोलकाता ते ढाका अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, पण दोन ठिकाणच्या तपासणीने प्रवाशांचा जीव मेटाकुटीला यायचा. ९ नोव्हेंबर २०१७ ला दोन्ही सरकारांनी एक साधी गोष्ट केली. तपासणी सीमेवरून उचलून गाडीच्या दोन टोकांना, कोलकाता स्टेशनावर आणि ढाका कँटोन्मेंटला, नेली. माणूस आपल्या शहरात शिक्का मारून घ्यायचा, गाडीत बसायचा आणि थेट परक्या शहरात उतरायचा. त्याच दिवशी कोलकाता-खुलना बंधन एक्स्प्रेसला हिरवा झेंडा दाखवला गेला. लंडन-पॅरिस युरोस्टारमध्येही गाडीत बसण्याआधीच दोन्ही देशांची तपासणी पुरी होते. म्हणजे ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. शिक्का कुठे मारायचा, एवढ्या एका निर्णयाने प्रवासातले काही तास आणि बराचसा मनस्ताप कमी झाला. सुरक्षेत तसूभरही ढिलाई करावी लागली नाही.

भारत-पाकिस्तान व्हिसाचे नियम याच्या उलट टोकाला आहेत. व्हिसा देशाचा नसतो, शहराचा असतो. ज्या शहरांची नावं कागदावर आहेत तिथेच जायचं. पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायची. सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी नवा व्हिसा करार केला. त्यात तीनऐवजी पाच शहरांची मुभा आली आणि ६५ वर्षांवरील नागरिकांना अटारी-वाघ्याला पोचल्यावर व्हिसा देण्याची तरतूद आली. कागदावर ही मोठी माणुसकीची गोष्ट होती. नव्या वर्षात, २०१३ च्या जानेवारीत, नियंत्रण रेषेवर तणाव वाढला आणि ती तरतूद पुढे ढकलली गेली. ज्येष्ठ नागरिकाला वाट बघायला सांगणं म्हणजे काय, याचा विचार त्या वेळी किती झाला असेल?

माहेर पलीकडे, सासर अलीकडे

थार एक्स्प्रेसचं खरं महत्त्व सिंधमधल्या उमरकोटच्या सोढा राजपुतांकडे पाहिलं की कळतं. त्यांच्यात एकाच कुळात लग्न होत नाही. पलीकडे राहिलेली बहुतेक राजपूत घरं सोढाच, त्यामुळे मुलामुलींसाठी स्थळं पाहायची तर ती राजस्थानात. फाळणीआधी हे दोन तालुक्यांमधलं सोयरिकीचं नातं होतं. फाळणीनंतर ते दोन देशांमधलं झालं. २००६ नंतर थार एक्स्प्रेसने वऱ्हाडं गेली, नव्या नवऱ्या आल्या, बाळंतपणासाठी लेकी माहेरी गेल्या.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात आपले ४० जवान शहीद झाले. ५ ऑगस्टला अनुच्छेद ३७० विषयीचा निर्णय झाला. त्यानंतर पाकिस्तानने ८ ऑगस्टला समझौता आणि पाठोपाठ थार बंद केली. भारतानेही आपल्या बाजूच्या गाड्या थांबवल्या. बाडमेर-जैसलमेरकडच्या काही तरुणांची लग्नं त्या वर्षी सिंधमध्ये लागली होती, पण नवऱ्या पलीकडेच राहिल्या. त्यांतल्या काहींना व्हिसा मिळून सासरी यायला दोन वर्षं गेली, आणि त्याही मुनाबावने नव्हे, लाहोर-वाघ्याचा भला मोठा वळसा घेऊन आल्या. उमरकोटहून मुनाबाव तसं जवळच आहे. तिथून उत्तरेला पंजाबात जायचं आणि पुन्हा दक्षिणेला राजस्थानात उतरायचं, ही शिक्षा कुठल्या गुन्ह्याची?

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यात सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. त्या घरांतल्या दुःखाला शब्द नाहीत, आणि सरकारने कडक पावलं उचलावीत ही लोकांची मागणी न्याय्यच होती. दुसऱ्याच दिवशी अटारीची चौकी बंद झाली, व्हिसा रद्द झाले, मुदतीत देश सोडण्याचे आदेश निघाले. पुढच्या काही दिवसांत अटारीला जे दिसलं तेही पाहिलं पाहिजे. आईचा पासपोर्ट भारताचा, लेकरांचा पाकिस्तानचा. लेकरांना जाऊ देत होते, आईला नाही. फाटकाच्या या बाजूला आई आणि त्या बाजूला मुलं, अशी ताटातूट कॅमेऱ्यांसमोर झाली.

मारेकऱ्याचा आणि या आईचा काय संबंध? हा प्रश्न विचारणं म्हणजे मारेकऱ्याला माफ करणं नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे दहा जण समुद्रातून आले, शिक्का मारलेला पासपोर्ट घेऊन अटारीच्या रांगेत उभे राहिले नाहीत. सीमेवरच्या गाड्यांमधून तस्करी झाली आहे, अमली पदार्थ पकडले गेले आहेत, हे खरं आहे आणि त्यासाठी तपासणी हवीच. पण नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे देऊन, महिनोन्‌महिने चौकशी होऊन जो प्रवासी डब्यात बसतो, त्याच्याइतकी माहिती सरकारकडे दुसऱ्या कुठल्या प्रवाशाची असते?

शिवाय गाडी बंद करणं अटळ असतं असंही नाही. वाजपेयी ज्या दिल्ली-लाहोर बसने फेब्रुवारी १९९९ मध्ये गेले, ती बस त्याच वर्षी कारगिलचं युद्ध पेटलेलं असतानाही चालू होती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ती थांबली आणि जुलै २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री पानिपतजवळ दिवाना इथे समझौतामध्ये स्फोट होऊन ६८ माणसं जळून मेली, त्यांत बहुसंख्य पाकिस्तानी होती. तरी उरलेले डबे घेऊन गाडी अटारीला गेली आणि सेवा बंद झाली नाही. म्हणजे फाटक उघडं ठेवायचं की लावायचं, हा दर वेळी माणसांनी घेतलेला निर्णय असतो. तो हवामानासारखा आपोआप येत नाही.

जानकीच्या माहेरची गाडी

हे सगळं वाचून मन खिन्न झालं असेल तर बिहारमधल्या मधुबनी जिल्ह्यातल्या जयनगरला जावं. इथून नेपाळातल्या जनकपूरला गाडी जाते. जनकपूर म्हणजे जनकाची नगरी, सीतेचं माहेर. विवाहपंचमीला रामाच्या लग्नाचा सोहळा तिथे आजही होतो. इथली अरुंद नॅरोगेज लाइन १९३७ पासूनची. २०१४ मध्ये ती बंद झाली, ब्रॉडगेजचं काम इरकॉनने केलं आणि २ एप्रिल २०२२ ला जयनगर ते कुर्था या ३५ किलोमीटरवर नवी गाडी सुरू झाली. पुढे ती बिजलपुरापर्यंत गेली.

त्या गाडीत मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. नेपाळकडे धावणाऱ्या दोन्ही डेमू गाड्या कोकण रेल्वेने पुरवल्या. चेन्नईच्या कारखान्यात त्या तयार झाल्या, सप्टेंबर २०२० मध्ये नेपाळला सुपूर्द झाल्या, आणि गाडी चालवायला व सांभाळायला सुरुवातीला कोकण रेल्वेची अनुभवी माणसं तिकडे गेली. करबुडे बोगद्यातून, पानवल पुलावरून गाड्या नेणाऱ्या संस्थेचं कसब मिथिलेच्या सपाट शेतांमध्ये कामी आलं.

भारतीय आणि नेपाळी नागरिकांना इथे व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारामुळे ये-जा खुली आहे, सरकारी ओळखपत्र पुरतं. मिथिलेतली माणसं या नात्याला ‘रोटी-बेटी’चं नातं म्हणतात. इकडची लेक तिकडे, तिकडची इकडे, भाषा एकच, छठ एकच. सशस्त्र सीमा दलाची चौकी आहे, तपासणीही आहे. उघड्या सीमेचे धोके आहेत आणि त्यावर पहारा ठेवला जातो. पण सीमा म्हणजे प्रत्येक माणसावर संशय, असं इथलं गृहीतक नाही. बाजाराला निघालेली बाई, परीक्षेला निघालेला पोरगा, देवदर्शनाला निघालेली मंडळी, सगळी एकाच डब्यात असतात. आंतरराष्ट्रीय गाडी शेवटी गाडीच असते, हे जयनगरला दिसतं.

सरकार आता भूतानकडेही रूळ नेणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन मार्ग जाहीर झाले. आसामातल्या कोक्राझारहून गेलेफूपर्यंत ६९ किलोमीटर आणि बंगालमधल्या बनारहाटहून समत्सेपर्यंत २० किलोमीटर, मिळून खर्च ४,०३३ कोटी रुपये. आगरतळा-आखौरा ही १२ किलोमीटरची लाइन नोव्हेंबर २०२३ मध्येच उद्घाटित झाली आहे, प्रवाशांची मात्र ती अजून वाट पाहते आहे. रूळ टाकायला पैसा आणि अभियंते आपल्याकडे आहेत. कमी पडतो तो करार, जो गाडीला राजकारणाच्या प्रत्येक झटक्यापासून थोडं तरी सुरक्षित ठेवेल.

बंदच्या आदेशाखाली एक तारीख

माझी मागणी साधी आहे. युद्धात, दंगलीत, साथीत सरकारला गाडी थांबवावी लागेल, तो अधिकार असायलाच हवा. पण थांबवण्याच्या प्रत्येक आदेशाखाली फेरविचाराची तारीख असावी. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. त्या तारखेला सरकारने ठरवून सांगावं, की गाडी सुरू करतो आहोत किंवा अमुक कारणासाठी अजून थांबतो आहोत. २०१९ च्या आदेशांखाली अशी तारीख नव्हती. २०२४ मध्ये थांबलेल्या बंगालच्या गाड्यांनाही नाही. तारीख नसलेला बंद हा हळूहळू विसरण्याचा एक मार्ग बनतो, आणि विसरल्या गेलेल्या वाटेवरचे रूळ मग खरोखरच गंजतात.

दुसरी मागणी, गाडी बंद असली तरी काही माणसांसाठी फाटक उघडावं. नवऱ्याकडे जाणारी नवरी, आईबापाच्या मरणाला पोचू पाहणारी लेक, आईपासून तुटलेलं मूल आणि पासष्टी ओलांडलेला माणूस. यांच्यासाठी ठराविक दिवशी, पूर्ण तपासणीनिशी वाट असावी. २०१२ च्या करारात ज्येष्ठांसाठी हाच विचार होता. नव्याने काही शोधायचं नाही, मागे पडलेलं उचलायचं आहे. आणि जिथे संबंध बरे आहेत तिथे कोलकात्यासारखी दोन टोकांची तपासणी आणि जयनगरसारखा ओळखपत्रावरचा प्रवास, हे नमुने आपण स्वतःच घडवलेले आहेत. ते पुढे नेता येतात.

दिवाळीत भाऊबीजेला आपल्याकडे एसटी गच्च भरते. लेकी माहेरी जातात, भाऊ फाट्यावर न्यायला येतात. त्या दिवशी एसटी बंद ठेवायचा विचार कुणाच्या मनात येणार नाही. मुनाबावपलीकडे ज्यांचं माहेर आहे त्यांनाही तेवढंच हवं आहे, रोज नाही तर आठवड्यातून एकदा.

बाडमेरची पॅसेंजर मुनाबावहून परत निघते तेव्हा तिच्यामागे रूळ पश्चिमेकडे जात राहतात. दोन रुळांमधलं अंतर फाटकाच्या अलीकडे १,६७६ मिलिमीटर आहे. पलीकडेही तेवढंच आहे. दोन्ही देशांनी ते मोजून, जुनं मीटरगेज उखडून, मुद्दाम एकसारखं केलं होतं.